भरतीची कविता युद्धाबद्दल फारसं बोलतच नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. विट्याकडच्या एका एम.ए.च्या विद्यार्थिनीला सेमिनारसाठी ‘युद्धकाळातली भरतीची कविता’ हा विषय मिळाला आहे. पहिल्या महायुद्धातल्या इंग्रजी कविता तिने वाचल्या आणि तिला त्या बाळबोध वाटल्या. तिचे तीन प्रश्न आहेत. असली यमकं ऐकून माणसं घरदार सोडून मरायला कशी गेली? याला कविता म्हणायचं की जाहिरात? आणि आपल्या सातारा-सांगलीकडे असं काही होतं का?

मी कऱ्हाडला कॉलेजात मराठी शिकवत होतो. आता निवृत्त आहे. पोवाड्यांच्या स्पर्धांना परीक्षक म्हणून बसतो आणि तरुणपणी अशा स्पर्धांसाठी लोकांना चौक, म्हणजे पोवाड्याची कडवी, रचूनही दिले आहेत. त्यामुळे या कवितेकडे मी वाचकापेक्षा कारागिराच्या नजरेने जास्त पाहतो. तुमच्या प्रश्नांचा क्रम मी पाळणार नाही, तेवढं चालवून घ्या.

तुम्ही ज्यांना बाळबोध म्हणता त्या कवितांपासूनच सुरुवात करू. जेसी पोप या बाईंची ‘हूज फॉर द गेम?’ ही कविता या प्रकाराचा नमुना म्हणून जगभर शिकवली जाते. युद्ध म्हणजे सगळ्यात मोठा खेळ, मग मैदानात कोण उतरणार आणि प्रेक्षकांत कोण बसून राहणार, असा तिचा सूर आहे. जवळजवळ सगळी कविता प्रश्नांची आहे. आता पेन्सिल घेऊन तिच्यात शत्रूचं नाव शोधा. सापडणार नाही. मरण शोधा, तेही नाही. देशाचंसुद्धा नाव नाही, नुसतं ‘तुझा देश’, आणि तो बाईच्या रूपात तुला शोधतोय, हाक मारतोय. दुखापत मात्र एका ठिकाणी आहे. गमतीला मुकण्यापेक्षा कुबडी घेऊन परत आलेलं बरं असं कोणाला वाटतं, असं पोपबाई विचारतात. ही ओळ बाळबोध मुळीच नाही. ऐकणाऱ्याच्या मनात जी भीती आधीच आहे, ती तिने स्वतःहून बोलून दाखवली आणि बोलता बोलता लहान करून टाकली. मेलेला माणूस कुबडी घेऊन परत येत नाही, हा हिशेब ऐकणाऱ्याने करायच्या आत पुढची ओळ येते. मुरलेला वकील आपल्या अशिलाची अडचणीची गोष्ट स्वतःच आधी मांडतो, त्यातलाच हा प्रकार.

हॅरॉल्ड बेग्बी यांची ‘फॉल इन’ ही १९१४ सालची कविता याहून उघड आहे, आणि माझ्या मते जास्त ताकदीची. ती एका पोराला ‘बाळा’ म्हणून साद घालते आणि त्याला तीन ठिकाणी उभं करते. आधी रस्त्यात, जिथे परत आलेल्या जवानांना पाहायला पोरी रांगेने उभ्या आहेत आणि तुझ्याकडे कोणी बघत नाही. मग पुढच्या काळात, जिथे तुझी अजून जन्मालाही न आलेली मुलं विचारतात की बाबा, त्या लढाईत तुम्ही काय केलंत. आणि शेवटी म्हातारपणी शेकोटीशी, जिथे शेजारीपाजारी लढाईच्या गोष्टी काढतात आणि तू मान खाली घालून उठून जातोस. रणांगणावर ही कविता जवळजवळ जातच नाही. सगळी घडते ती गल्लीत, घरात आणि चुलीपुढे.

मला जे सांगायचं आहे ते इथेच आहे. भरतीची कविता युद्धाबद्दल फारसं बोलत नाही, ती तुझ्याकडे बघणाऱ्या माणसांबद्दल बोलते. शत्रूबद्दल बोलणारी कविता वेगळी. जर्मनीत अर्न्स्ट लिसाउअरने १९१४ मध्येच इंग्लंडच्या द्वेषाचं गीत लिहिलं आणि ते तिकडे पाठ झालं. पण ते घराघरात ठिणगी ठेवणारं गाणं. एका विशिष्ट पोराला खाटेवरून उठवून रांगेत उभं करायला द्वेष पुरत नाही, कारण शत्रू त्याने पाहिलेलाच नसतो. त्याने पाहिलेली असते ती आई, गावातली पोरगी, पारावर बसणारी म्हातारी माणसं. कवी त्यांना साक्षीला बसवतो आणि मग पोराला विचारतो. ब्रिटनमधली १९१५ची दोन गाजलेली पोस्टरं बघा. एकात खिडकीतल्या बायका पुरुषांना जा म्हणतात. दुसऱ्यात मांडीवरची मुलगी बापाला विचारते, बाबा, महायुद्धात तुम्ही काय केलंत. दोन्हीत शत्रू नाही. ऑगस्ट १९१४ मध्ये इंग्लंडमधल्या फोकस्टोनला एका निवृत्त अ‍ॅडमिरलने साध्या कपड्यातल्या तरुणांना भित्रेपणाची खूण म्हणून बायकांकरवी पांढरी पिसं द्यायची टूम काढली, तीही याच जातकुळीतली.

एक लक्षात ठेवायला हवं. तिकडे सक्तीच्या भरतीचा कायदा जानेवारी १९१६ मध्ये झाला. तोवर सगळी भरती राजीखुशीची, म्हणजे शब्दांवर चालणारी. कायदा आल्यावर या कवितेचं मुख्य काम संपलं. कवितेची गरज कधी असते आणि कधी नसते, हे यातून कळतं.

आता हे सगळं इंग्रजांकडून शिकायला लागावं असं काही नाही. आपल्याकडे भरतीचं सर्वात जुनं आणि सर्वात पाठ असलेलं भाषण गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आहे. अर्जुन धनुष्य टाकून बसलेला असतो. कृष्णाचं उत्तर सुरू होतं ‘क्लैब्यं मा स्म गमः पार्थ’ असं, पौरुषाला डिवचून. पुढे आत्म्याचं तत्त्वज्ञान आहे, स्वधर्म आहे. मग चौतिसाव्या श्लोकात येतं, ‘संभावितस्य चाकीर्तिर्मरणादतिरिच्यते’, मानाच्या माणसाला अपकीर्ती मरणाहून वाईट. लगेच पुढे, भिऊन तू रणातून निघून गेलास असं हे महारथी म्हणतील. म्हणजे बघणारे आले. त्यानंतर ‘हतो वा प्राप्स्यसि स्वर्गं जित्वा वा भोक्ष्यसे महीम्’. मेलास तर स्वर्ग, जिंकलास तर पृथ्वी. या ओळीत तोट्याचा रकानाच नाही. जगातल्या कुठल्याही भरतीच्या कवितेचा सांगाडा या चार श्लोकांत सापडेल. फरक एवढाच की गीता तिथे थांबत नाही. ‘सुखदुःखे समे कृत्वा’ म्हणत ती अर्जुनाच्या हातातून स्वर्ग आणि पृथ्वी दोन्ही काढून घेते. भरतीची कविता मात्र तिथेच मुक्काम करते.

मराठीत तर एका वाक्यात अख्खी भरतीची कविता आहे: ‘आधी लगीन कोंढाण्याचं, मग माझ्या रायबाचं.’ तानाजी खरोखर असं म्हणाला का, हा वाद इतिहासवाल्यांचा. माझा प्रश्न असा की ते वाक्य गावोगाव टिकलं कसं. कारण त्यात युद्ध हेच लग्न झालं आहे. घरातलं सगळ्यात मोठं कार्य बाजूला सारलं, पण बाजूला सारताना त्याच्याच भाषेत. ऐकणाऱ्याला घर सोडायला सांगितलं असं वाटतच नाही. त्याच गोष्टीच्या शेवटी तानाजी पडल्यावर मावळे पळू लागतात तेव्हा सूर्याजी म्हणतो, तुमचा बाप इथे मरून पडलाय आणि तुम्ही पळता कुठे, दोर कापून टाकलेत. इथे युक्तिवाद दोन आहेत, एक लाजेचा आणि एक निव्वळ भूगोलाचा. मी पोरांना नेहमी विचारायचो, की यातला कुठला जास्त चालला असेल. मुलं म्हणायची लाज, मुली म्हणायच्या दोर.

समर्थांच्या ओळी याहून वेगळ्या घडणीच्या आहेत: ‘धर्मासाठी मरावें, मरोनि अवघ्यांसि मारावें, मारितां मारितां घ्यावें राज्य आपुलें.’ यात ‘तू’ नाही, हाक नाही, प्रश्न नाही. सगळी क्रियापदं विध्यर्थी. कोण सांगतोय आणि कोणाला, हे व्याकरणातच पुसून टाकलं आहे, त्यामुळे आज्ञा असूनही ती नियमासारखी ऐकू येते. नियमाशी कोणी हुज्जत घालत नाही. शिवाय क्रम बघा, मरणं आधी आणि मारणं नंतर. जेसी पोपने जे लपवलं ते इथे पहिल्याच क्रियापदात ठेवलं आहे. म्हणून ही ओळ मला प्रामाणिक वाटते, भले ती कानाला कठोर लागो.

प्रश्नार्थक हाकही आपल्याकडे आहे. कवी गोविंदांची ‘रणावीण स्वातंत्र्य कोणा मिळाले’ ही ओळ प्रश्न म्हणून येते, पण उत्तराला जागाच ठेवत नाही. ‘कोणालाच नाही’ असं ऐकणारा स्वतः म्हणतो, आणि स्वतः म्हटलेलं माणूस सहसा खोडत नाही.

पोवाड्याबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तुमच्या सेमिनारमध्ये बाकी कोणी हे बोलणार नाही. पोवाड्याचं पुस्तक वाचून त्याची ताकद कळत नाही. शाहीर ओळ म्हणतो आणि मागे झीलकरी ‘जी जी रं जी’ करतात. हा ‘जी’ म्हणजे होकार. ओळीत काय सांगितलंय हे डोक्यात शिरायच्या आत तिला होकार मिळालेला असतो, आणि तो होकार डफाच्या ठेक्यावर असतो. तिसऱ्या-चौथ्या चौकापर्यंत समोरचे लोकही मान डोलावत झील धरू लागतात. त्यानंतर शाहीर काहीही सांगू शकतो. परीक्षक म्हणून बसल्यावर मी बऱ्याचदा शाहिराकडे न बघता पुढच्या रांगेकडे बघतो. कुठल्या चौकाला त्यांचे ओठ हलायला लागले, त्यावरून रचनेची खरी किंमत कळते. हे वाङ्मयीन मूल्यमापनात बसत नाही, पण पटवून देण्याच्या भाषेचा अभ्यास करायचा असेल तर झील वगळून चालणार नाही. जेसी पोपकडे झील नव्हती, म्हणून तिला एवढे प्रश्न घालावे लागले असतील असं मला अधूनमधून वाटतं.

आता सातारा-सांगली. इथे मात्र मी कवितेची बाजू थोडी सोडणार आहे.

साताऱ्याजवळचं अपशिंगे हे गाव ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण कामी आले असं गाव सांगतं. आता विचारा, त्या ४६ जणांना कुठल्या कवितेने नेलं? कुठल्याच नाही. त्या वेळी शिपायाचा पगार महिन्याला ११ रुपये होता. माण, खटाव, जत, आटपाडी या पट्ट्यात पाऊस कधीच भरवशाचा नव्हता. ज्वारी पिकली तर घर चालायचं, नाही पिकली तर मुंबईच्या गिरण्या किंवा पलटण. शिवाय भरतीत भावकी चालायची. चुलता सुभेदार असला की पुतण्याला रस्ता माहीत असायचा, आणि सुट्टीवर आलेला जवान कुठल्याही पोस्टरपेक्षा जास्त बोलायचा. पायात बूट, अंगात गणवेश, मागे मनिऑर्डरचं तोंड पाहिलेलं घर. त्याला यमकाची गरज नव्हती.

पंजाब-हरियाणात त्या काळी हेच यमकात बांधलं होतं. भरतीचं एक लोकगीत तिकडे प्रसिद्ध आहे. इथे तुटकी जुती घालतोस, तिथे बूट मिळतील. इथे कोरडी रोटी, तिथे फळं. इथे फाटके कपडे, तिथे सूट. भरती हो रे, बाहेर रंगरूट उभे आहेत. देश नाही, धर्म नाही, राजा नाही. मला हे गाणं इंग्रजी कवितांपेक्षा कितीतरी सरळ वाटतं. फक्त तेही अर्धंच सांगतं, बूट घालून जायचं कुठे ते सांगत नाही. आपली माणसं गेली मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी कूत अल अमाराच्या वेढ्यात सापडल्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ पर्यंत उपासमार काढून शेवटी शरणागती, आणि पुढे कैद.

शब्दांची मर्यादा बघायची असेल तर १९१८चं खेडा जिल्ह्याचं उदाहरण घ्या, गुजरातमधलं. गांधीजींनी त्या उन्हाळ्यात सैन्यभरतीसाठी गावोगाव फिरून बघितलं. त्यांच्या २२ जूनच्या पत्रकात हिशेबच मांडलेला आहे. जिल्ह्यात ६०० गावं, प्रत्येक गावाने किमान २० माणसं दिली तर १२,००० ची फौज उभी राहील. युक्तिवादही सगळे होते, की शस्त्र चालवायला शिकल्याशिवाय भित्रेपणाचा डाग जाणार नाही, साम्राज्याच्या रक्षणात भाग घेणं हाच स्वराज्याचा सरळ मार्ग. नुकत्याच संपलेल्या शेतसाऱ्याच्या सत्याग्रहात याच लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं होतं. आता बैलगाडीसुद्धा मिळेना, पायी हिंडावं लागलं, शिदोरी बरोबर न्यावी लागली, असं त्यांनीच आत्मचरित्रात लिहिलंय. म्हणजे बोलणारा त्या काळातला सर्वात मोठा माणूस, ऐकणारे त्याचेच, आणि तरी माणसं उठली नाहीत. जिथे पलटणीची वाट आधी पडलेली नाही तिथे भाषण काय करणार. मला तर वाटतं, शब्द माणसाला क्वचितच भरती करतात. जाणारा पोटासाठी किंवा भावकीच्या मागे जातो, आणि मग कविता त्याच्या जाण्याला सन्मानाचं नाव देते. हे काम लहान नाही. ११ रुपयांसाठी गेलेला पोरगा गावात परत येतो तेव्हा त्याला ‘अकरा रुपयांवर गेलेला’ म्हणून जगायचं नसतं.

याच्या अगदी उलट टोकाची एक गोष्ट आहे, तीही साताऱ्याशी जोडलेली. भरतीची कविता गृहीत धरते की ऐकणारा कचरतोय. पण ज्यांना जायचं होतं आणि दारच बंद होतं त्यांचं काय? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाला महारांची सैन्यभरती बंद झाली. डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सुभेदार फौजेतले. निवृत्तीनंतर हे कुटुंब साताऱ्यात राहिलं, आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावांचं नाव इथल्याच सरकारी हायस्कुलात घातलं गेलं. ज्या घरात सुभेदारी मिळाली होती त्या घराला बंदीचा अर्थ नीट कळत होता. १९१०मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी भरती पुन्हा सुरू करावी म्हणून अर्ज केला. युद्धाची गरज लागल्यावर १९१७मध्ये १११वी महार पलटण उभी राहिली आणि १९२१मध्ये मोडली. पुढे १ ऑक्टोबर १९४१ला बेळगावात महार रेजिमेंट स्थापन झाली. इथे समजावणीची दिशाच उलटी आहे. सरकार माणसाला पटवत नाही, माणसं सरकारला पटवताहेत, आणि त्यासाठी वापरलेला प्रकार कविता नसून अर्ज आहे. तुमच्या सेमिनारमध्ये हा मुद्दा जरूर घ्या. गणवेश म्हणजे कोणासाठी खेळ होता, कोणासाठी भाकरी, तर कोणासाठी माणूस म्हणून मोजलं जाणं.

दुसऱ्या महायुद्धाचा काळ तर आपल्याकडे फारच गुंतागुंतीचा. तेव्हा सांगली वेगळी नव्हती, बराचसा भाग सातारा जिल्ह्यातच होता (१९४९मध्ये दक्षिण सातारा झाला, १९६०मध्ये त्याला सांगली नाव मिळालं). एकाच जिल्ह्यातून मराठा पलटणींचे जवान परमुलखात लढत होते आणि त्याच जिल्ह्यात ९ सप्टेंबर १९४२ला वडूजला आणि १० सप्टेंबरला इस्लामपुरात मोर्च्यांवर गोळ्या चालत होत्या. ‘ना एक पाई, ना एक भाई’ ही घोषणा त्या आधीपासून फिरत होती, म्हणजे भरतीच्या विरोधातली कविता, तीही यमकाचीच. १९४३पासून क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं, कुंडल परिसरात तुफान सेना तयार झाली, तिलाही पोरं लागत होती. आणि याच वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे मुंबईत कामगारांपुढे स्टालिनग्राडचा पोवाडा गात होते, कारण त्यांच्या कम्युनिस्ट पक्षाच्या लेखी ते आता लोकयुद्ध होतं. म्हणजे एका पोराला तीन हाका. सरकारची पलटण, तुफान सेना, आणि दूर व्होल्गाकाठची लढाई तुझीच आहे असं सांगणारा डफ. तिन्हींची हत्यारं बघितली तर तीच ती: लाज, बघणारी माणसं, पूर्वज, उद्याची मुलं. स्टालिनग्राडचा पोवाडा मला कारागिरी म्हणून थोर वाटतो. ज्या शहराचं नाव श्रोत्याच्या जिभेला वळत नाही ते त्याने कोंढाण्याइतकं जवळ आणलं. मराठी पोवाड्याचा साचा इतका घट्ट आहे की त्यात रशियन सैनिकही मावळा होऊन बसतो.

म्हणून ‘कविता की जाहिरात’ या प्रश्नाला तंत्रावरून उत्तर मिळणार नाही. तंत्र सगळ्यांचं एकच आहे. मी दोन गोष्टी बघतो: बोलणाऱ्याचं स्वतःचं काय पणाला लागलंय, आणि त्याने काय गाळलंय. पोवाड्याच्या शेवटी शाहीर आपलं नाव घालतो. तुफान सेनेच्या गावात पोवाडा म्हणणाऱ्याला पोलीस नावानिशी शोधत येऊ शकत होते. पोस्टरला नाव नसतं. रुडयार्ड किपलिंग हे मधलं उदाहरण आहे. सप्टेंबर १९१४मध्ये त्याने इंग्लंडला उठवणारी कविता लिहिली, स्वतःच्या मुलाला, जॉनला, खटपट करून पलटणीत घातलं, आणि तो पुढच्याच सप्टेंबरात लूजच्या लढाईत गेला. नंतर त्याने स्मृतिलेख लिहिले, त्यातल्या एका दोन ओळींच्या लेखात मेलेले जवान सांगतात की आम्ही का मेलो असं कोणी विचारलं तर सांगा, आमचे बाप खोटं बोलले म्हणून. त्या ओळी केवळ त्याच्या मुलाबद्दल आहेत की एका पिढीबद्दल, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. माझ्यापुरतं म्हणाल तर त्या ओळी लिहिण्याचा अधिकार त्याला होता आणि पोपबाईंना नव्हता.

गाळलेल्या गोष्टी कुठे जातात? पत्रांत. फ्रान्सच्या आघाडीवरून हिंदी जवान घरी पत्रं लिहीत आणि सेन्सॉरचे अधिकारी ती वाचत. त्या पत्रांचे उतारे आज उपलब्ध आहेत. एक जखमी जवान लिहितो की हे युद्ध नव्हे, हा जगाचा अंत आहे. काहीजण आडवळणाने घरच्यांना सांगत की भावाला पाठवू नका, काळ्या-गोऱ्या सैनिकांना मिरीची-मिरचीची नावं देऊन. सरकारला या पत्रांची काळजी वाटत होती ती उगीच नाही. भरतीच्या कवितेला खरं उत्तर दुसऱ्या कवितेने फार उशिरा दिलं. इंग्रज सैनिक-कवी विल्फ्रेड ओएनने १९१७च्या ऑक्टोबरात विषारी वायूत गुदमरणाऱ्या सैनिकाची कविता लिहिली, एका मसुद्यावर ती चक्क जेसी पोपला अर्पण केली, ४ नोव्हेंबर १९१८ला म्हणजे युद्ध थांबायच्या आठवडाभर आधी तो मारला गेला, आणि त्या कवितेचं पुस्तक आलं १९२०मध्ये. तोवर रांगेत उभे राहायचे ते उभे राहून गेले होते.

स्वातंत्र्यानंतरचं एक वाक्य घ्या आणि बाकी सोडून द्या, नाहीतर विषय हाताबाहेर जाईल. नोव्हेंबर १९६२मध्ये चीनच्या आक्रमणात देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य मराठी तोंडात कायमचं बसलं. यात एकही माणूस नाही, दोन डोंगर आहेत. तरी कऱ्हाड-पाटणच्या प्रत्येक माणसाला वाटतं की धावलेला सह्याद्री मीच. हरलेल्या लढाईच्या बातम्या रोज येत असताना एवढं करणारं वाक्य मी दुसरं पाहिलेलं नाही. त्याच्या मागच्या-पुढच्या राजकारणावर हवं तेवढं बोलता येईल, पण शब्दांची कारागिरी म्हणून ते पक्कं आहे.

(आजच्या भरतीची भाषा बघायची असेल तर तुमच्या विट्याच्या स्टँडबाहेरचे अकादम्यांचे फलक वाचा. वर मोठ्या अक्षरात देशसेवा, खाली लहान अक्षरात होस्टेल, मेस आणि ग्राउंड. पंजाबी गाण्यातले बूट आणि गीतेतला स्वर्ग एकाच फ्लेक्सवर. आणि २०२२पासून पदाच्या नावातच ‘वीर’ आला आहे, म्हणजे विशेषण कवीला शोधावंच लागत नाही.)

शेवटी सेमिनारच्या मांडणीबद्दल, कारण तिथे बहुतेकजण चुकतात. ओएन आधी वाचू नका. सगळे तसंच करतात, कारण तो थोर आहे आणि पोपबाई हास्यास्पद. मग वर्ग हसतो, आपण शहाणे असल्याचं समाधान मिळतं आणि ती कविता कशी चालली हे कोणालाच कळत नाही. आधी बेग्बीची कविता तुमच्या मराठी गद्यात मोठ्याने वाचा, ‘बाळा’ ही हाक जशीच्या तशी ठेवून, आणि तिसऱ्या कडव्यातली शेकोटी गावच्या पारावर आणून. त्यानंतर गीतेचे ते श्लोक, मग एखाद्या ऐकवता येण्याजोग्या पोवाड्याचा एक चौक, झीलसकट. झील धरायला दोन मैत्रिणींना मागे उभं करा, लाजू नका. समोरच्यांचे ओठ हलले की तिथेच थांबा आणि त्यांना विचारा की आत्ता तुम्ही नेमकं कशाला हो म्हणालात. मग अपशिंगे, ११ रुपये, खेडा जिल्ह्याचा हिशेब, महारांचा अर्ज. ओएनला सगळ्यात शेवटी दोन मिनिटं पुरतात. वेळ कमी पडला तर त्यालाच गाळा, त्याच्यावर बोलणारे पुष्कळ मिळतील.

तुमच्या गावच्या चावडीत किंवा शाळेच्या भिंतीत इंग्रजी कोरलेली जुनी दगडी पाटी असेल तर तिचा फोटो जरूर लावा. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने अशा पाट्या पुष्कळ गावांना दिल्या. मजकूर ठरलेला: या गावातून १९१४-१९१९च्या महायुद्धात इतकी माणसं गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे, नावं नाहीत. ‘प्राण दिले’ हे क्रियापद कोणी निवडलं असेल, यावर तुमच्या वर्गात चांगला अर्धा तास वाद होऊ शकतो.